पाहुण्याच्या मापाची खोली

गेल्या रविवारी भांडी आवरताना दोन वाट्या एकात एक अडकून बसल्या. रोजच्याच, स्टीलच्या, आमटीच्या वाट्या. मी ओढून पाहिलं, ओट्यावर आपटून पाहिलं, फटीत तेलाचा थेंब सोडून पाहिला. त्या जागच्या हलेनात. आई 84 वर्षांची आहे. ती खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "ओढू नको गो. आतल्या वाटीत फ्रीजमधलं पाणी घाल आणि खालची कढत पाण्यात धर." मी तसं केलं. बाहेरची तापून जराशी पसरली, आतली गार होऊन जराशी आकसली, आणि मिनिटभरात टक् असा आवाज होऊन आतली वाटी माझ्या हातात आली.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एकात एक बसलेल्या वाट्या दिसल्या की मला सुमनीन आठवतो. 21 कार्बन आणि 12 हायड्रोजन अणूंचा हा रेणू खरोखरच वाटीच्या आकाराचा आहे. त्याचे स्फटिक होतात तेव्हा हे रेणू एकाच दिशेला तोंड करून एकावर एक चढत जातात, वाट्यांची चळत लावावी तसे. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात 2003 साली हिदेहिरो साकुराई, तोशिकाझू हिराओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा बनवला. पण त्याचं बारसं दहा वर्षं आधीच झालं होतं. 1993 मध्ये गोवर्धन मेहता आणि त्यांचे सहकारी हा रेणू बनवायच्या खटपटीत होते. आपल्या ‘सुमन’ या शब्दावरून, म्हणजे फुलावरून, त्यांनी त्याचं नाव सुमनीन ठेवलं. त्यांच्या हातून तो झाला नाही, दुसऱ्यांच्या हातून झाला, आणि त्या दुसऱ्यांनी नाव तेच ठेवलं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. वर्गात शिकवताना मी दरवेळी इथे थोडी थांबते.

कार्बनची वाटी होते कशी, हे मला पुस्तकाच्या आधी आईच्या क्रोशाने शिकवलं. गोल रुमाल विणताना दर फेरीला टाके वाढवायचे असतात. बेताने वाढवले तर रुमाल टेबलावर सपाट पसरतो. जास्त वाढवले तर कडेला झालर येते. कमी वाढवले तर रुमाल कडेने वर उचलला जातो आणि त्याची वाटी होते. ग्राफाइटच्या थरात षटकोनाला षटकोन लागून असतात, कुठे ओढ नाही की फट नाही, म्हणून तो थर सपाट. त्यात एखादा पंचकोन आला की टाके कमी पडतात. सुमनीनमध्ये मधल्या षटकोनाभोवती आळीपाळीने तीन पंचकोन आणि तीन षटकोन आहेत. कोरॅन्युलीन हाही असाच वाटीसारखा रेणू, त्याच्या आधीचा, 1966 साली बनवलेला. त्याच्या मध्यभागीच पंचकोन आहे आणि भोवती पाच षटकोन.

कोरॅन्युलीनची वाटी उथळ असते. खोली 0.87 अँगस्ट्रॉम, आणि एका मिलिमीटरमध्ये अँगस्ट्रॉम मावतात एक कोटी. पण मला तिची खोली तितकी महत्त्वाची वाटत नाही जितकं तिचं उलटणं वाटतं. जुलैत दादरच्या टिळक पुलावर समोरून वारा आला की छत्री फाडकन उलटी होते, आपण पाठ फिरवली की पुन्हा सुलटी होते. द्रावणातला कोरॅन्युलीन साध्या तापमानाला सेकंदाला 2 लाखांहून जास्त वेळा असा उलटा-सुलटा होतो. पुस्तकातल्या चित्रात तो चिनीमातीच्या बशीसारखा निपचित पडलेला दाखवतात. रेणू असे ताठ, मेल्यासारखे काढून दाखवणं ही आम्ही शिक्षकांनी विद्यार्थ्यांवर केलेली मोठी अडवणूक आहे, असं मला मनापासून वाटतं. कारण मग पुढचं काहीच नीट कळत नाही. वाटीत पाहुणा येतो म्हणजे काय होतं, ते तर मुळीच नाही.

पाहुणा हा शब्द माझा नाही, शास्त्राचाच आहे. एक रेणू दुसऱ्याला आपल्या पोकळीत सामावून घेतो, त्या दोघांना यजमान आणि पाहुणा म्हणतात. दोघांमध्ये पक्का रासायनिक बंध होत नाही. दुबळ्या ओढी असतात, पुष्कळ असतात, आणि त्या सुटू शकतात. याची सुरुवात शिकवताना आम्ही 1894 सालच्या एमिल फिशरपर्यंत मागे जातो. एन्झाइम आणि त्याचा पदार्थ कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसतात, असं तो म्हणाला होता. मुलांना हे एका दमात कळतं. मलाही बारावीत एका दमात कळलं होतं, पण ते काही माझ्या मनाला लागलं नाही. कुलूप आधीच तयार असतं, किल्लीसाठी ते काहीच करत नाही. मी ज्या खोलीत वाढले तिथे पाहुणा असा येत नसे.

आमची खोली लालबागला होती, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. 10 फूट बाय 12. कोपऱ्यात मोरी, तिला पडदा, वर माळा, एक खाट, एक शिलाई मशीन, भिंतीत फडताळ. आजी, आई-बाबा, मी आणि धाकटी बहीण अशी पाच माणसं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबांचा पगार थांबला. तेव्हापासून घर चाललं ते आईच्या मशीनवर. ती झबली, परकर, पोलकी शिवायची, आणि रात्री क्रोशाचे रुमाल विणायची.

त्याच वर्षी जूनच्या शेवटी बाबांचे धाकटे चुलतभाऊ देवगडहून एसटीने आले. गावात त्यांना लहानथोर सगळेच तात्या म्हणत, आम्ही तात्याकाका. घशात गाठ होती. परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि साडेसहा आठवडे शेक घ्यायचं ठरलं. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणत, अजूनही म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज. आमच्या खोलीपासून चालत जाण्याइतकं ते अंतर होतं.

हातात पिशवी घेऊन दारातच उभे राहून ते म्हणाले, "वयनी, माका ह्यो कोपरो पुरे."

आईने कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोपरो कित्याक? खाटीवर निजा," ती म्हणाली. आणि त्या संध्याकाळपासून आमची खोली सरकायला लागली.

आजी खाटेवरून खाली आली. बहीण आणि मी रात्री शेजारच्या काकूंकडे झोपायला जाऊ लागलो, त्यांच्याकडे आमच्यासाठी त्यांचा मुलगा माळ्यावर चढला. बाबा जिन्याच्या तोंडाशी चटई टाकू लागले. दुपारी तात्याकाकांना झोप लागावी म्हणून मशीन गॅलरीत गेलं. ऐन पावसाळा. कठड्याला निळं प्लास्टिक बांधून आई बाहेर शिवायला बसायची आणि झड आली की पाठ वळवून कापडावर वाकायची, कापड भिजू नये म्हणून. मशीनच्या चाकाला त्या पावसाळ्यात गंज चढला, तो पुढे कधी गेला नाही. शेकाने काकांचं तोंड आलं, घशाखाली काही उतरेना. मग घरात मिरचीची फोडणी बंद झाली. त्यांनाच नव्हे, सगळ्यांनाच, कारण फोडणीच्या नुसत्या धुराने त्यांना ठसका लागायचा. सुके बोंबील भाजणं बंद झालं. पावसाळ्यात कोकणी घरात सुकी मासळी भाजायची नाही म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. चुलीवर दोन्ही वेळा पेज. वाटीत घेऊन, फुंकर मारून, चमच्याने हळूहळू.

सरकत होते ते एकटे आम्हीच नाही. तात्याकाका मोठ्या हाडापेराचे होते. ते कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजायला शिकले, रात्री कुणाला मोरीकडे जायची वाट राहावी म्हणून. गावात त्यांचा हात जाळी विणण्यात मुरलेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आईच्या पुढ्यातलं पोलकं ओढून घेतलं आणि काजं करायला लागले. त्या जाड बोटांनी केलेली काजं इतकी बारीक आणि सारखी व्हायची की गिऱ्हाइकं विचारायची, कुणी केली म्हणून. भिंतीला डोकं टेकून ते बसायचे, डोक्यावर काळा गोल स्विच, मांडीवर कापड. गळ्यावर जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या असत, शेक नेमका कुठे द्यायचा त्याच्या. त्या पुसू द्यायच्या नव्हत्या. काका मान न हलवता, डोळे खाली करून टाका घालत.

एमेस्सीला पुस्तकात डॅनियल कोशलंड हा जीवरसायनशास्त्रज्ञ भेटला तेव्हा मला हे सगळं आठवलं. 1958 साली त्याने फिशरची कुलूप-किल्ली मोडून हात आणि हातमोजा आणला. हात आत जाईपर्यंत हातमोज्याला बोटं अशी नसतातच. आपल्या प्रत्येक पेशीत हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम आहे. त्याच्या दोन पाळ्यांमध्ये फट असते. ग्लुकोजचा रेणू त्या फटीत शिरला की पाळ्या त्याच्याभोवती मिटतात, आणि मिटल्यावरच काम सुरू होतं. पेजेच्या वाटीतून तात्याकाकांच्या पोटात जाणाऱ्या ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला हे घडत होतं.

पुढे प्रयोगशाळेत बनवलेल्या वाट्यांवर वाचायला लागले तसतसं मला कळत गेलं की नुसतं वाकणं हा या गोष्टीचा लहानसा भाग आहे. खरी गंमत यजमान तयार होण्यात आहे. अमेरिकेत ज्युलियस रेबेक यांच्या गटाने 1993 मध्ये एक वाकलेला रेणू बनवला. तो एकटा असला तर त्यात काही राहत नाही. पण असे दोन रेणू समोरासमोर आले की टेनिसच्या चेंडूच्या दोन तुकड्यांसारखे एकमेकांत बसतात आणि आठ हायड्रोजन बंधांनी शिवले जातात. आत मिथेनचा एक रेणू मावतो. रेणूतल्या अणूंच्या खुणा टिपणाऱ्या एनएमआर यंत्रात आतल्या मिथेनची खूण बाहेरच्या मिथेनपेक्षा वेगळ्या जागी उमटते, म्हणून तो आत आहे हे कळतं. हायड्रोजन बंध दुबळा असतो. त्यामुळे हा चेंडू उघडतो, मिटतो, पाहुणा जातो, दुसरा येतो. आणि आत कुणीच नसेल तर चेंडू टिकवण्यात त्या दोन तुकड्यांना फारसा रस नसतो.

1997 साली लिओनार्ड मॅकगिलिव्हरे आणि जेरी अॅटवुड यांनी याहून मोठी रचना स्फटिकात पाहिली. रिसॉर्सिनअरीन नावाच्या सहा वाट्या, तोंडं आत करून, एका गोलाकार पोकळीभोवती जमल्या होत्या. 60 हायड्रोजन बंध. आतली जागा सुमारे 1,375 घन अँगस्ट्रॉम. यातला मला सगळ्यात प्रिय तपशील असा की नुसत्या सहा वाट्यांनी ही रचना पुरी होत नाही. त्यांच्या मधल्या जागांमध्ये पाण्याचे आठ रेणू येऊन उभे राहतात आणि वाट्यांना एकमेकींशी जोडतात. कुणी मुद्दाम घातलेलं पाणी नव्हे, द्रावणात जी ओल असते तीच. शेजारच्या काकू, त्यांचा माळ्यावर चढलेला मुलगा, रात्री अकराला आपला नंबर सोडून आम्हाला नळावर आधी भरू देणारे खालच्या मजल्यावरचे मामा, ही माणसं आमच्या घरात मोजली जात नव्हती. पण त्यांना वगळून ती खोली उभीच राहिली नसती.

आणि मग तो 55 टक्क्यांचा आकडा. 1998 मध्ये रेबेक आणि सँड्रो मेकोझी यांनी अशा बऱ्याच पोकळ्या आणि त्यांचे पाहुणे मोजले. पाहुणा पोकळीचा साधारण 55 टक्के भाग व्यापतो तेव्हा तो सर्वांत सुखाने राहतो, असं त्यांना दिसलं. खूप लहान असेल तर तो आत नुसता भरकटतो. जागा पुरी भरून टाकणारा असेल तर त्याला हलता येत नाही, आणि रेणूला न हलणं परवडत नाही. साध्या द्रवपदार्थातही रेणू साधारण इतकीच जागा भरतात. म्हणजे पाहुण्याला आत तितकीच मोकळीक लागते जितकी त्याला बाहेर, आपल्या माणसांत होती. हा पेपर वाचल्यावर मी त्या रात्री बराच वेळ आमची खोली डोळ्यांसमोर आणत बसले. सहावं माणूस आल्यावर आई खोलीतून वस्तू बाहेर काढत होती, ट्रंक, मशीन, पाट, आणि मला वाटायचं की ती काकांसाठी जागा करतेय. ती त्यांच्या भोवतीची मोकळी जागा करत होती. झोपेत कूस बदलता यावी एवढी.

1987 चं रसायनशास्त्राचं नोबेल या विषयाला मिळालं. डोनाल्ड क्रॅम, जाँ-मारी लेन आणि चार्ल्स पेडरसन. पेडरसन यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना एका फसलेल्या प्रयोगाच्या तळाशी राहिलेले थोडेसे पांढरे स्फटिक त्यांनी फेकून दिले नाहीत, त्यातून हे सगळं सुरू झालं. पण मला जवळचे वाटतात ते क्रॅम. त्यांनी दोन वाट्या काठाला काठ जोडून बंद पोकळ्या केल्या आणि 1991 मध्ये त्यातल्या एकीत सायक्लोब्युटाडाईन ठेवून दाखवला. चार कार्बनचा हा रेणू इतका अस्थिर की एरवी तो अतिथंड तापमानात गोठवून धरावा लागतो, मोकळा सोडला तर क्षणात दुसऱ्या कशाशी तरी जुळून संपतो. क्रॅम यांच्या वाटीच्या आत तो साध्या तापमानाला राहिला, कारण आत त्याला धक्का देणारं कुणी पोचत नव्हतं. पेपराच्या नावात क्रॅम यांनी ‘माणसाळवणं’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. मी ‘जपणं’ म्हणते.

जपानचे माकोतो फुजिता यांच्या कामाने या सगळ्याला आणखी एक वळण दिलं. पॅलेडियमचे अणू म्हणजे कोपरे आणि सपाट सेंद्रिय रेणू म्हणजे भिंती, असं सामान एकाच द्रावणात सोडायचं. हे बंध सुटतात, पुन्हा जुळतात. 1999 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की त्याच सामानातून एक पाहुणा घातला तर एका आकाराचा पिंजरा उभा राहतो, दुसरा घातला तर वेगळ्या आकाराचा. नकाशा आधी कुणी काढलेला नसतो. पाहुणाच यजमान निवडतो, घडवतो म्हटलं तरी चालेल. वाकणं तर दोन्ही बाजूंनी असतं. 2014 मध्ये फ्रेझर स्टॉडर्ट आणि जे सीगल यांच्या गटांनी ती छत्रीसारखी उलटणारी कोरॅन्युलीनची वाटीच एका चौकोनी रेणू-पेटीत पाहुणी म्हणून बसवली. पेटीच्या भिंती थोड्या फाकल्या, वाटी थोडी सपाट झाली. आणि उलटताना तिला ज्या सपाट अवस्थेतून जावं लागतं, ती पेटीला जास्त मानवत असल्यामुळे आत गेल्यावर वाटीचं उलटणं आणखी वेगाने होऊ लागलं.

तात्याकाकांच्या डोक्यावरच्या त्या काळ्या स्विचबद्दल सांगायचं राहिलं. तो बेकलाइटचा होता. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवले की जाळं जाळ्यात गुंतून तो कडक काळा पदार्थ होतो. पण फिनॉलची एक बाजू आधीच अडवून ठेवली तर जाळं पसरू शकत नाही. साखळी वळून स्वतःला मिळते आणि चार, सहा, आठ कड्यांच्या वाट्या होतात. डेव्हिड गुचे यांनी त्या वाट्यांना ग्रीक फुलदाणीवरून कॅलिक्सअरीन हे नाव दिलं. माझ्या एमेस्सीत मला हे समजलं त्या दिवशी मी घरी येऊन तो स्विच बराच वेळ बघत उभी राहिले होते.

या वाट्यांचं एक काम मुंबईतच चालतं. एलिफंटाला जाताना बोटीतून ट्रॉम्बेचे घुमट दिसतात. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात वापरलेल्या अणुइंधनाच्या द्रव कचऱ्यातून किरणोत्सर्गी सीझियम-137 वेगळं काढण्यासाठी कॅलिक्स-क्राऊन या रेणूंवर काम झालं आहे. अर्धी कॅलिक्सअरीनची वाटी, अर्धा पेडरसन यांना त्या पांढऱ्या स्फटिकांत सापडलेला मुकुटासारखा, कड्याच्या आकाराचा रेणू. कचऱ्यात सोडियम कितीतरी पटींनी जास्त असतं, तरी हा रेणू सोडियमला जाऊ देतो आणि सीझियमला धरतो, कारण सीझियमचा आयन मोठा आणि पोकळी त्याच्या मापाची. सीझियम-137 चं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षं. वेगळं काढलेलं सीझियम काचेत बंद करून त्याच्या कांड्या करतात, आणि त्या रक्तपेढ्यांमधल्या यंत्रांत जातात. अशक्त झालेल्या रुग्णाला द्यायच्या रक्तावर त्या यंत्रात किरण सोडले जातात, म्हणजे दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. कॅन्सरच्या वॉर्डात असं रक्त लागतं. काकांच्या वेळी हे नव्हतं.

गेल्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वयामुळे मी घाबरलेली होते. भूलतज्ज्ञ बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की स्नायू सैल करायला रोक्युरोनियम देणार आणि शेवटी ते उतरवायला सुगामाडेक्स. ते नाव ऐकलं आणि माझा जीव खरोखर थोडा खाली आला. सुगामाडेक्स हा आठ ग्लुकोजच्या कड्यांचा, बूड नसलेल्या पेल्यासारखा रेणू आहे. त्याच्या कडेला आठ शेपट्या जोडलेल्या असतात, पेला खोल व्हावा म्हणून, आणि त्या शेपट्यांच्या टोकांना ऋण भार. रोक्युरोनियमवर धन भार. स्कॉटलंडमधल्या ऑर्गनॉनच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम खरं तर रोक्युरोनियम नीट विरघळवणारं काहीतरी शोधत होते. हे पेले औषधाला इतकं घट्ट धरतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी प्रश्नच उलटा केला. युरोपात 2008 मध्ये आणि अमेरिकेत 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली. रक्तात आलेला पेला रोक्युरोनियमचा रेणू पोटात घेतो. रक्तातलं प्रमाण घटलं की स्नायूंवर बसलेलं औषध आपण होऊन निघून रक्तात येतं, तेही पकडलं जातं, आणि दोघं मिळून मूत्रावाटे बाहेर पडतात. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून घड्याळ बघत होते. दार उघडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "दोन-तीन मिनिटांत स्वतःचा श्वास घेतला त्यांनी. छान."

तात्याकाका त्या वर्षी गणपतीच्या आधी चार दिवस गावी गेले. त्यानंतर सहा वर्षं जगले, आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. ते गेल्यावर आमची खोली रिकामी झाली असं मला कधी आठवत नाही. दिवाळीनंतर आतेभाऊ नोकरी शोधायला आला, मग आईची मावशी डोळ्यांसाठी. त्या सहा वाट्यांची पोकळीही कधी रिकामी नसते. खास पाहुणा नसला तर द्रावणाचेच काही रेणू आत येऊन राहतात.

गुंटर वुल्फ यांनी 1972 मध्ये एक पद्धत काढली, ती मी वर्षाच्या शेवटी शिकवते. पाहुण्या रेणूभोवती सुट्टे घटक जमू द्यायचे. ते जमले की त्यांना एकमेकांत पक्कं गुंफून कडक प्लास्टिक करायचं. मग पाहुण्याला धुऊन काढायचं. मागे त्याच्या आकाराची जागा राहते, आणि पुढे कधी तोच रेणू आला की ती जागा त्याला ओळखते.

2011 साली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. सामान काढायच्या शेवटच्या दिवशी हमालांनी लोखंडी कपाट सरकवलं. स्विचच्या खाली, जमिनीपासून हात-दीड हातावर, भिंतीवर तेलाचा एक गोल डाग होता. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. 29 दिवाळ्यांचा चुना त्यावरून फिरला होता आणि दरवर्षी पावसाळ्यात तो पुन्हा वर आला असणार. कपाट तिथे नेमकं कधी ठेवलं, ते मी आईला विचारलं. ती म्हणाली, तात्या गेल्याची तार आली त्याच आठवड्यात. हमाल दोरी बांधायला थांबले होते. आईने पदराचं टोक ओलं केलं, डागाभोवतीची जळमटं पुसली, आणि डाग तसाच ठेवला.